किनारा झाडला, सांडपाण्याचे काय? बोराकायच्या सहा महिन्यांच्या बंदीचा हिशेब

फिलिपिन्समधील बोराकाय हे बेट २६ एप्रिल २०१८ रोजी पर्यटकांसाठी बंद करण्यात आले. आदल्या वर्षी वीस लाखांहून अधिक पर्यटक तेथे येऊन गेले होते आणि त्यांच्याकडून सुमारे ५,६०० कोटी पेसोंचे उत्पन्न मिळाले होते. इतकी मिळकत देणाऱ्या स्थळाला सरकारने स्वतःच्या हाताने सहा महिने कुलूप लावले, ते सांडपाण्यामुळे. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी फेब्रुवारीतील जाहीर भाषणात या बेटाची तुलना मैलाकुंडाशी केली आणि पर्यावरणमंत्री रॉय सिमातू यांना ते साफ करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. त्या क्षणापर्यंत बोराकाय जगातील सर्वोत्तम किनाऱ्यांच्या याद्यांत वर्षानुवर्षे झळकत होते. पांढरीशुभ्र पुळण रोज पहाटे झाडली जात होती.

या झाडलेल्या पुळणीतच प्रश्नाचे मर्म आहे. किनारा अस्वच्छ आहे म्हटले की डोळ्यांसमोर प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि हातमोजे घालून पोती भरणारे स्वयंसेवक येतात. हा कचरा खरा आहे, त्रासदायकही आहे; पण तो दिसतो आणि दिसतो म्हणून उचलला जातो. हॉटेलच्या मागच्या बाजूने निघणारे पाणी दिसत नाही. ते वाळूखालून जाते, ओढ्यात मिसळते, पावसाच्या गटारातून वाहते आणि समुद्रात गेल्यावर तर निळेच दिसते. बोराकायचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे ते यासाठी, की तेथे या न दिसणाऱ्या पाण्याचे मोजमाप सरकारी कागदावर आले, त्यासाठी कारवाई झाली, तिची किंमत कोणीतरी मोजली आणि त्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वादही झाला.

दहा चौरस किलोमीटरवरचे ओझे

बोराकाय हे पनाय बेटाच्या वायव्य टोकाजवळचे चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १,०३२ हेक्टर, म्हणजे दहा चौरस किलोमीटरच्या आसपास. आकार डंबेलसारखा, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्यभागी अरुंद. पश्चिमेला सुमारे चार किलोमीटर लांबीचा प्रसिद्ध व्हाइट बीच आणि चिंचोळ्या कमरेच्या पलीकडे, पूर्वेला, बुलाबोग किनारा. प्रशासकीयदृष्ट्या हे बेट म्हणजे आक्लान प्रांतातील मलाय नगरपालिकेच्या अखत्यारीतील तीन गावे. आती या आदिवासी जमातीचे ते मूळ वसतिस्थान. १९७० च्या दशकात पाठीवर पिशवी टाकून फिरणारे परदेशी प्रवासी येऊ लागले, तेव्हा तेथे मच्छीमारांच्या झोपड्या आणि नारळाची झाडे होती. पुढील चार दशकांत हॉटेले, उपाहारगृहे, मसाज केंद्रे आणि रात्रभर चालणाऱ्या मेजवान्या आल्या. गावाची यंत्रणा मात्र गावाचीच राहिली.

पहिला इशारा १९९७ मध्येच मिळाला होता. पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू आढळल्याचे त्या वर्षी पर्यावरण विभागाने जाहीर केले आणि पर्यटकांची संख्या एकदम घसरली. त्यानंतर जपानच्या आर्थिक साहाय्याने पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि घनकचऱ्याची कामे उभी राहिली. म्हणजे २०१८ मध्ये बंद झालेले बेट मलवाहिन्याच नसलेले बेट नव्हते. वाहिन्या होत्या, शुद्धीकरण प्रकल्प होता. त्यांना जोडून न घेतलेली बांधकामे त्याहून अधिक होती. फिलिपिन्सच्या स्वच्छ जल कायद्याचे पालन किनाऱ्यालगतच्या ५१ आस्थापनांपैकी केवळ १४ करीत असल्याची नोंद राष्ट्राध्यक्षांच्या ४७५ क्रमांकाच्या घोषणेत आहे. याच घोषणेने बेटावर आपत्तीची स्थिती जाहीर झाली होती.

ही घोषणा मुळातून वाचण्यासारखी आहे, कारण सरकारी भाषेत ती एका बेटाचा रोगवृत्तांत मांडते. बेटावर दररोज ९० ते ११५ टन घनकचरा निर्माण होत होता आणि स्थानिक संस्थेची वाहून नेण्याची क्षमता होती ३० टन. उरलेला सुमारे ८५ टन कचरा रोज बेटावरच राहतो, असे घोषणा म्हणते. हा आकडा वरच्या टोकाचा आहे; खालचे टोक धरले तरी ६० टन उरतातच. नऊ पाणथळ जागांपैकी चारच शिल्लक होत्या. वनजमिनीवर आणि पाणथळींवर ९३७ बेकायदा बांधकामे, तर किनाऱ्याच्या राखीव पट्ट्यात आणखी १०२. बुलाबोग किनाऱ्यावर ६ ते १० मार्च २०१८ या काळात दररोज घेतलेल्या नमुन्यांत विष्ठाजन्य जिवाणूंची सरासरी दर १०० मिलिलिटरला १८,००० इतकी आली. मर्यादा १०० आहे.

अठरा हजार म्हणजे काय?

या आकड्याचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. मनुष्य आणि अन्य उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात कोलिफॉर्म गटातील जिवाणू असतात. त्यातील बहुतेक स्वतः घातक नसतात. मात्र ते पाण्यात सापडले, तर तेथे ताजी विष्ठा पोहोचली आहे हे निश्चित होते आणि विष्ठेबरोबर कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे रोगजंतूही येऊ शकतात. प्रत्येक रोगजंतू स्वतंत्रपणे शोधणे खर्चिक असल्याने या सूचक जिवाणूंची मोजणी होते. मोजणीही प्रत्यक्ष एकेक गणून होत नाही. पाण्याचे वेगवेगळ्या प्रमाणात विरल केलेले नमुने नळ्यांत वाढवून, किती नळ्यांत वाढ दिसली यावरून संख्याशास्त्राने अंदाज बांधला जातो. अहवालात ‘संभाव्यतम संख्या’ असे लिहिलेले असते ते यामुळे. आंघोळ आणि जलक्रीडेसाठी वापरल्या जाणाऱ्या समुद्राच्या पाण्यासाठी भारतातही मूळ मर्यादा १०० हीच आहे.

या चाचणीला एक ते दोन दिवस लागतात. धोक्याची पाटी लागेपर्यंत शनिवार-रविवारचा पर्यटक पोहून घरी परतलेला असतो. दुसरी अडचण नमुन्याच्या वेळेची. कडक ऊन आणि खारट पाणी या जिवाणूंना झपाट्याने मारते, त्यामुळे पहाटे घेतलेला नमुना आणि भर दुपारचा नमुना एकाच जागी वेगळी उत्तरे देऊ शकतात. भरती-ओहोटी, आदल्या रात्रीचा पाऊस, वाऱ्याची दिशा, सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून ‘पाणी मानकात बसते’ हे एका नमुन्यावरून केलेले विधान फारसे मोलाचे नसते. सातत्याने, ठरावीक जागी, वर्षभर घेतलेल्या नमुन्यांची मालिका हाच पुरावा.

बोराकायमध्ये वाऱ्यानेही काही काळ झाकपाक केली. तेथे वर्षाचे दोन भाग पडतात. साधारण नोव्हेंबर ते मे ईशान्येचा ‘अमिहान’ वाहतो आणि त्या काळात पश्चिमेचा व्हाइट बीच शांत, काचेसारखा असतो. हाच पर्यटनाचा हंगाम. सांडपाण्याचा मोठा भाग मात्र पलीकडच्या, पूर्वेच्या बुलाबोगकडे जात होता, जिथे त्या दिवसांत खवळलेल्या पाण्यावर पतंगाच्या आधाराने फळीवर स्वार होणारे हौशी खेळाडू तेवढे असत. छायाचित्रांतला किनारा एक, गटाराचे तोंड दुसरीकडे. व्हाइट बीचच्या उथळ पाण्यावरही फेब्रुवारी ते मे या महिन्यांत हिरव्या शेवाळाचा थर साचे. तो निसर्गक्रमच आहे, असे स्थानिक व्यावसायिक वर्षानुवर्षे सांगत आले. शेवाळ नैसर्गिक असते हे खरेच. मात्र मैलापाण्यातला नत्र आणि स्फुरद हे शेतातील खतासारखेच काम करतात, आणि खत घातल्यावर तणही जोमाने वाढते.

वाळू कुठून येते

कोकणातील वाळू मुख्यतः नद्यांनी सह्याद्रीतून वाहून आणलेली, लाटांनी दळलेली. बोराकायची पांढरी वाळू तशी नाही. ती प्रवाळाचे चुरे, शंखशिंपल्यांचे तुकडे आणि चुनखडी शरीराच्या सूक्ष्म सागरी जीवांचे सांगाडे यांची बनली आहे. उत्तर टोकाच्या एका किनाऱ्याचे नावच तेथे सापडणाऱ्या ‘पुका’ शिंपल्यांवरून पडले आहे. थोडक्यात, समोरच्या समुद्रातील प्रवाळभित्ती हा या किनाऱ्याचा वाळूचा कारखाना आहे आणि लाटांचा जोर मोडणारी भिंतही तीच.

मैलापाणी या कारखान्यावर दोन प्रकारे आघात करते. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला सूर्यप्रकाश लागतो. गढूळ पाण्यात तो पोहोचत नाही. दुसरीकडे, नत्र-स्फुरदावर पोसलेले मोठे शेवाळ प्रवाळावर पसरते आणि त्याची जागा बळकावते. बोराकायच्या भोवतालचे प्रवाळाच्छादन १९८८ ते २०११ या काळात सुमारे ७०.५ टक्क्यांनी घटले, आणि त्यातही सर्वाधिक घट २००८ ते २०११ दरम्यान, पर्यटक सुमारे ३८.४ टक्क्यांनी वाढले त्याच वर्षांत झाली, असे घोषणेत नमूद आहे. पश्चिम किनाऱ्याची काही ठिकाणी ४० मीटरपर्यंत धूप झाली होती. वादळे आणि बांधकामासाठीचा वाळूउपसा यांच्याबरोबरीने किनाऱ्याजवळ सोडलेले सांडपाणी हेही कारण सरकारने तिथे लिहून ठेवले आहे. ज्या पांढऱ्या वाळूवर हॉटेलांचे दर ठरत, ती वाळू हॉटेलांच्याच पाण्याने झिजत होती.

हे थांबवले का गेले नाही, याचे उत्तर केवळ बेफिकिरीत नाही. मलवाहिनीची जोडणी घ्यायला पैसे लागतात, दरमहा शुल्क पडते आणि जोडणी न घेतल्याने त्या दिवशी कोणाचेही काही अडत नाही. पावसाच्या पाण्यासाठी बांधलेली गटारे जवळच होती. त्यांत रात्री एखादा नळ सोडला की काम भागे, आणि या गटारांचा शेवट बुलाबोगला होता. शिवाय जमिनीचा घोळ होता. बेटावरील बहुतेक जमिनीचे कायदेशीर वर्गीकरणच झालेले नव्हते. २००६ मध्ये सुमारे ४०० हेक्टर वनजमीन आणि ६२८ हेक्टरच्या वर शेतजमीन असे वर्गीकरण करण्यात आले. त्यापूर्वी ही अवर्गीकृत जमीन सार्वजनिक वनच होती, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २००८ रोजी दिला. तोवर शेकडो बांधकामे उभी होती. स्वतःच्या मालकीची खात्री नसलेल्या जमिनीखाली महागडी यंत्रणा कोण पुरणार? आणि ज्याला मालकीचा कागद देता येत नाही, त्याच्यावर नियमांचा बडगा तरी कोणत्या तोंडाने उगारायचा?

बंदीची किंमत

बंदीच्या सहा महिन्यांत बेटाचे रूपांतर बांधकामाच्या जागेत झाले. मुख्य रस्ता रुंद करण्यासाठी इमारतींचे पुढचे भाग पाडले गेले. भरतीरेषेपासून ३० मीटरचा पट्टा मोकळा करण्यात आला. वाळूत पुरलेले, समुद्राकडे जाणारे बेकायदा नळ यंत्रांनी उकरून काढले गेले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ३.२ हेक्टर जमीन आती कुटुंबांच्या नावे करण्यात आली. पर्यावरणाच्या कारवाईतून निघालेला हा अनपेक्षित, पण न्याय्य उपफल म्हणावा लागेल.

पर्यटनावर पोट असलेले सुमारे ३६ हजार रोजगार या काळात टांगणीला लागले. त्यात हॉटेलांचे पगारी कर्मचारी होते, तसे नावाडी, तीनचाकी चालवणारे, वेण्या घालणाऱ्या बायका, फेरीवाले होते. सरकारने साफसफाईच्या कामांवर तात्पुरता रोजगार दिला, तरी तो सर्वांना पुरणारा नव्हता. नियम पाळणाऱ्या हॉटेलमालकांनीही विचारले, की नळ ज्यांनी सोडला ते आणि ज्यांनी सोडला नाही ते, दोघांना सारखेच टाळे का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तो मात्र हॉटेलमालकांच्या नावाने नव्हे. याचिकाकर्त्यांपैकी एक जण पर्यटकांसाठी वाळूचे किल्ले बनवून कमाई करणारा होता, दुसरा वाहनचालक. सांडपाण्याच्या गुन्ह्यात या दोघांचा वाटा जवळजवळ शून्य. राष्ट्राध्यक्षांना असा आदेश काढण्याचा अधिकार नाही, प्रवासाचा आणि उपजीविकेचा हक्क हिरावला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने बहुमताने बंदी वैध ठरवली. तोवर बेट पुन्हा उघडूनही काही महिने लोटले होते. प्रवासावरील निर्बंध हा आदेशाचा हेतू नव्हता, तो पुनर्वसनाच्या कामाचा आनुषंगिक परिणाम होता, असे बहुमताचे मत पडले. उपजीविकेविषयी न्यायालय म्हणाले की, पर्यटक आले तरच मिळणारी ही अनिश्चित कमाई आहे, तिच्यावर प्रस्थापित हक्क सांगता येत नाही. कायद्याच्या तर्काने हे बरोबर असेलही. पण किनाऱ्यावरील अर्थव्यवस्थेचा पाया असलेली माणसे नेमकी याच वर्गात मोडतात, आणि प्रदूषणाचा निवाडा उशिरा, सरसकट आणि एकदम झाला की पहिला फटका त्यांनाच बसतो. १९९७ पासून दरवर्षी थोड्याथोड्या नळजोडण्या तपासल्या असत्या, तर २०१८ मध्ये वाळूच्या किल्लेवाल्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

२६ ऑक्टोबर २०१८ रोजी बेट उघडले, ते संख्येचा हिशेब मांडून. एका वेळी बेटावर जास्तीत जास्त ५४,९४५ माणसे सामावू शकतात, त्यात पर्यटक १९,२१५, असे तज्ज्ञांनी ठरवले. त्यावरून दिवसाला ६,४०५ नवे पर्यटक अशी मर्यादा निघाली. किनाऱ्यावर मद्यपान, धूम्रपान आणि एकदाच वापरायचे प्लास्टिक यांना बंदी आली. याहून महत्त्वाचा, पण बातम्यांत कमी गाजलेला नियम असा की, किनाऱ्यालगतच्या ५० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांनी स्वतःचे मैलाजल शुद्धीकरण केंद्र उभारावे. लहानांनी एकत्र येऊन सामायिक केंद्र काढावे किंवा मलवाहिनीला जोडून घ्यावे. पुन्हा उघडताना व्हाइट बीचचे पाणी मानकात बसत असल्याचे सरकारने जाहीर केले. संख्येची मर्यादा सांभाळणे अधिक अवघड ठरले. एप्रिल २०२२ मध्ये ईस्टरच्या आधीच्या सुट्ट्यांत ती ओलांडली गेल्याची कबुली तेथील पर्यटन विभागालाच द्यावी लागली. सुट्टीच्या गर्दीपुढे आकडा टिकवणे किती कठीण असते, हे महाबळेश्वरच्या घाटात किंवा अलिबागच्या रस्त्यावर अडकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आपल्याकडचे गणित

भारताच्या किनाऱ्यावर बोराकायची प्रतिकृती शोधण्याची गरज नाही. साम्य आकारात नाही, यंत्रणेत आहे. अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली या ठिकाणांपैकी बहुतेकांचा कारभार ग्रामपंचायत किंवा लहान नगरपालिका पाहते. ग्रामीण पाणीपुरवठा योजना रहिवाशांच्या संख्येवर, माणशी दिवसाला ५५ लिटर धरून आखली जाते. हॉटेलातील एका खाटेमागे मात्र अभियंते १८० लिटर धरतात. उदाहरणादाखल पाच हजार वस्तीचे एक गाव घ्यावे. गावकऱ्यांचा वापर २ लाख ७५ हजार लिटर. आता तीन हजार पर्यटक मुक्कामी आले, तर त्यांचा एकट्यांचा वापर ५ लाख ४० हजार लिटर. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते असे धरले, तर गावाचे २ लाख २० हजार लिटर सांडपाणी एका रात्रीत साडेसहा लाखांवर जाते. पाहुणे गावकऱ्यांहून कमी, पाणी तिप्पट. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे यात धरलेलेच नाहीत. जनगणनेत पर्यटक मोजला जात नाही. गटाराला मात्र तो मोजावाच लागतो.

हे पाणी जाते कुठे? बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक आणि त्यापुढील शोषखड्ड्यात. ही व्यवस्था वाईट नव्हे. टाकीत मैला खाली बसतो, वरचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते आणि मुरताना माती त्याला गाळते. अट एकच, की खड्ड्याचा तळ आणि भूजलाची पातळी यांच्यामध्ये पुरेशी कोरडी माती हवी. किनाऱ्यालगतच्या वाळूत भूजल हाताशी असते, आणि आषाढात तर ते आणखी वर येते. जांभ्याच्या सड्यावर उलट अडचण आहे: जांभा सच्छिद्र, भेगांचा, पाणी गाळले जाण्याआधीच वाट काढते. नारळी-पोफळीच्या वाडीतील विहीर, घराचा शोषखड्डा आणि नव्या होमस्टेच्या चार खोल्या एकाच वाडीत आल्या की कोणाचे पाणी कोठे पोहोचते हे सांगणे अवघड होते. सांडपाणी समुद्रात जाण्यापूर्वी वाटेत पिण्याचे पाणी आहे, ही गोष्ट किनारा स्वच्छतेच्या चर्चेत क्वचितच येते.

कायद्याची उणीव म्हणावी, तर ती कलमांत नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मधील. तिने प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई केली आणि चालू असलेले असे विसर्ग तीन वर्षांच्या आत बंद करण्यास सांगितले. ही मुदत १९९४ मध्ये संपली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलाजल निर्माण होते, प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटरवर होते. यात सगळीच शहरे आली, केवळ किनारी नव्हेत. तरीही प्रमाण पुरेसे बोलके आहे. त्यात खेड्यांचे, म्हणजे किनाऱ्यावरील बहुसंख्य पर्यटनस्थळांचे पाणी नाहीच. २०१९ च्या किनारपट्टी अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. पट्टा आक्रसला तसे शोषखड्डेही पाण्याच्या जवळ येणार. दुसरीकडे, मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत बॉयलर नसलेली, वीस खोल्यांपर्यंतची हॉटेले कमी प्रदूषणाच्या ‘हिरव्या’ वर्गात मोडतात. एकेकटे पाहिले तर ते योग्यच आहे. एकाच पुळणीवर अशी साठ हॉटेले असतील, तर मात्र त्यांची बेरीज कोणत्याच वर्गात बसत नाही.

गोव्याने घनकचऱ्याच्या बाजूने प्रयत्न केला आहे. कळंगुट-बागा पट्ट्याचा कचरा घेणारा साळगावचा प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्याची क्षमता वाढवण्यात आली. उघड्यावर मद्यपान करणाऱ्या, बाटल्या फोडणाऱ्या पर्यटकांना दंडाची तरतूद २०१९ मध्ये कडक झाली. सांडपाण्याच्या आघाडीवर तितका वेग नाही. कारण उघड आहे: बाटली फोडणारा रंगेहाथ सापडतो, नळ सोडणारा सापडत नाही.

ओडिशातील पुरी येथे हा विरोधाभास एकाच शहरात पाहायला मिळतो. तेथील गोल्डन बीचला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्यासाठी पाण्याची गुणवत्ता, सुरक्षितता, कचरा व्यवस्थापन अशा ३३ निकषांची पूर्तता करावी लागते. त्याच शहराचे सांडपाणी ‘बांकी मुहाण’ या प्रवाहातून समुद्राला मिळत आले आहे. मानांकन किनाऱ्याच्या ठरलेल्या तुकड्याला असते. समुद्राला तुकडे नसतात. तरी अशा मानांकनाचा एक निश्चित लाभ आहे: पाणी नियमितपणे तपासावे लागते आणि निकाल फलकावर लावावा लागतो. सध्या इतर बहुतेक किनाऱ्यांवर फलक असतो तो भरती-ओहोटीच्या वेळांचा आणि ‘खोल पाण्यात जाऊ नये’ या सूचनेचा.

स्वयंसेवकांच्या मोहिमांचे मोल यामुळे कमी होत नाही. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून चाललेल्या सफाईनंतर मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले दिसली. वाळू मोकळी झाली की जीव परततात, याचा हा पुरावा होता. मात्र पहिल्या पावसात समुद्र पुन्हा प्लास्टिक आणून टाकतो, कारण ते खाड्या आणि नाल्यांतून, शहराच्या पोटातून येते. मैलापाणीही त्याच वाटेने येते, फक्त त्याला पोत्यात भरता येत नाही.

सांडपाण्यासाठी मोठा प्रकल्पच हवा असे नाही. बोराकायने काढलेला सामायिक केंद्राचा मार्ग कोकणातल्या गावांनाही परवडणारा आहे. चार-पाच हॉटेलांचे, एखाद्या वाडीतील होमस्टेंचे पाणी एकत्र करून छोट्या केंद्रात शुद्ध करावे, ते बागेला घालावे. त्याआधी एक मोजणी मात्र लागते, जी आज बहुतेक ठिकाणी झालेली नाही: गावात खोल्या किती, त्यांच्या टाक्या किती लिटरच्या, शेवटचा उपसा केव्हा झाला, आणि मैला भरून निघालेला टँकर नेमका कोठे जाऊन रिकामा झाला. टाकीचा उपसा होतो तेव्हा हॉटेलमालक पैसे मोजतो आणि टँकर फाटकाबाहेर पडतो. पुढचा प्रवास शुद्धीकरण केंद्रापर्यंत होतो की रात्रीच्या अंधारात जवळच्या वहाळापर्यंत, याची नोंद ठेवण्याचे काम ग्रामपंचायतीच्या एका वहीतही होऊ शकते.